मंजूर तुकडा

शरच्चंद्र आगटे एखाद्या गोष्टीला ‘ठीक आहे’ म्हणाले, की ती उत्तम आहे असं समजायचं, हे हडपसरच्या त्या कारखान्यात नवा आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात शिकत असे. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड कसं झालंय असं विचारलं तरी आगटे ‘ठीक’ म्हणत आणि यजमान भरून पावत. नारायण पेठेत जन्मलेल्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

कारखाना खिडक्यांचा. ॲल्युमिनियमच्या लांबलचक पट्ट्या, ज्यांना तिथे सगळे सेक्शन म्हणत, त्या बाहेरून यायच्या आणि इथे कापून, जोडून त्यांच्या चौकटी व्हायच्या. तापवून मऊ केलेला ठोकळा पोलादी साच्याच्या भोकातून दाबला की सेक्शन बाहेर पडतो, सोऱ्यातून शेव पडते तसा. फरक एवढाच, की शेव वाकडी आली तर कुणी परत पाठवत नाही. सेक्शन परत पाठवायचा की ठेवून घ्यायचा, हे ठरवण्यासाठी आगट्यांना पगार होता. ते सेक्शन सपाट टेबलावर ठेवून बोटाने दाबत. डुगडुगला तर पीळ आहे. अंगावरून नख फिरवत. नख अडलं तर साच्याची रेघ उठली आहे. जाडी मोजत, चिमट्यासारख्या यंत्राने कडकपणा बघत, आणि मग सगळी हत्यारं खाली ठेवून, मागे सरून, नुसते उभे राहून बघत. या बघण्याला कारखान्यात फार मान होता. हात मागे बांधून आगटे उभे राहिले की माल उतरवणारे हमालसुद्धा आवाज खाली आणत.

पूर्वी हे काम सोपं होतं. सोसायट्यांच्या खिडक्या साध्या चंदेरी असायच्या, आणि त्या सरकतात की नाही एवढंच लोक बघायचे. मग देश खुला झाला, हडपसरच्या उसाच्या आणि भाजीच्या रानांतून कॉम्प्युटरवाल्यांच्या काचेच्या इमारती उगवायला लागल्या, आणि त्यांना रंग हवा झाला. हा रंग ब्रशने देत नाहीत. सेक्शन तेजाबाच्या हौदात बुडवून, विजेच्या जोरावर त्याच्या अंगावर एक पातळ पापुद्रा चढवतात, आणि त्या पापुद्र्यात तपकिरी रंग मुरवतात. जुन्या, न घासलेल्या पितळेसारखा. यातली गोम अशी, की हौदातला वेळ जरा इकडचा तिकडे झाला की छटा बदलते. एका इमारतीच्या शेजारशेजारच्या दोन खिडक्या दोन छटांच्या दिसल्या, तर ज्यांनी आयुष्यात कधी खिडकीबाहेर बघितलेलं नसतं तेही बोंब मारतात.

म्हणून मंजूर तुकडा. नव्या इमारतीच्या आर्किटेक्ट नम्रताबाई यांनी बरेच नमुने नाकारून शेवटी एक पट्टी पसंत केली होती. ती मधोमध कापली, दोन्ही तुकड्यांच्या मागे ठसा मारला, एक कारखान्याच्या कपाटात गेला आणि दुसरा हिंमतरावांकडे. बाईंसाठी आणखी एक कापायला निघाले तर त्या म्हणाल्या, "मला नको, रंग माझ्या डोक्यात आहे." इथून पुढे येणारा प्रत्येक सेक्शन त्या तुकड्याशी जुळला तर पास, नाही तर नापास.

हिंमतराव म्हणजे माल बनवणारे. फुरसुंगीच्या बाजूला त्यांचा प्रेस होता, रंगाचे हौद होते, आणि मागे थोडं रान उरलं होतं. आगटे त्यांचा माल बऱ्याचदा नापास करत, हिंमतराव बऱ्याचदा चिडत, आणि तरी दर हिवाळ्यात मटाराची पिशवी नारायण पेठेत पोचती करत. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. दोघांपैकी कुणी याला मैत्री म्हटलं नसतं. आगटे तर ‘ठीक ओळख आहे’ म्हणाले असते.

त्या वर्षी खंडेनवमीला आगट्यांनी एक गोष्ट केली. त्यांचे वडील लक्ष्मी रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करायचे आणि खंडेनवमीला आपलं भिंग घरी आणून देवापुढे ठेवायचे. मुलाने तीच रीत पुढे चालवली; भिंगाच्या जागी मापाचा कॅलिपर. पण यंदा नवे मॅनेजर प्रसन्न यांनी आकडे दाखवणारे महागडे कॅलिपर आणले होते आणि त्यांची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती. आगट्यांना वाटलं, नाही तरी ज्याच्या तोंडाकडे बघून वर्षभर पोट भरायचं ते आपलं खरं हत्यार हा तुकडाच. त्यांनी तो मऊ फडक्यात गुंडाळून बसने घरी नेला. मंदाकिनीबाईंनी त्याला गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि दसऱ्यानंतर तो पुन्हा फडक्यातून कपाटात गेला. तुकड्याने कपाटाबाहेर जायचं नाही असा नियम होता, पण देवाला नियम कोण दाखवणार?

त्यानंतर हिंमतरावांचा पहिला माल आला. पीळ नाही, रेघ नाही, जाडी चोख. आगट्यांनी कपाटातून मंजूर तुकडा काढला, सेक्शनवर ठेवला, मागे सरले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. माल काळा होता. फार नाही, शेजारच्याला दाखवलं तर तो ‘कुठे?’ म्हणेल इतपत. पण होता. त्यांनी जागा बदलून बघितलं, पत्र्याच्या सावलीत बघितलं, जेवून आल्यावर बघितलं. काळाच.

"नापास," ते म्हणाले.

"शरदराव, चेष्टा करताय व्हय?" फोनवर हिंमतराव म्हणाले. "मी सोता तुकडा लावून बघितलाय. डिट्टो हाय."

"मग पुन्हा लावून बघा."

दुसरा माल आला. तोही काळा, आणि तेवढाच काळा. आता मात्र आगटे चक्रावले. चुकणारा माणूस एकदा इकडे चुकतो, एकदा तिकडे. हिंमतराव दोन्ही वेळा एकाच जागी चुकले होते, आणि इतकं नेमकं चुकणं त्यांच्या हौदांना आजवर जमलेलं नव्हतं.

मग हिंमतराव स्वतःच आले, आपला तुकडा शर्टाच्या आतून काढत. प्रसन्न यांच्या केबिनमध्ये टेबलावर तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या: माल, हिंमतरावांचा तुकडा आणि कपाटातला तुकडा. हिंमतरावांचा तुकडा मालाशी तंतोतंत जुळत होता. कपाटातला त्या दोघांहून उजळ होता. एका पट्टीचे केलेले दोन तुकडे, दोघांच्या पाठीवर तोच ठसा, आणि रंग दोन.

प्रसन्न तरुण होते, एमबीए होते, आणि त्यांना गोंधळाची सवय नव्हती. "सिंपल आहे," ते म्हणाले. "दोन्ही तुकडे सेम होते. आपला कपाटात कुलपात होता. यांचा यांच्याकडे होता. मग बदलला असेल तर कुणाचा बदलला असेल?"

"म्हंजे मी तुकडा बदलला? ठसा खोटा मारला?"

"मी तसं म्हणत नाहीये. लॉजिक म्हणतंय."

"तुमच्या त्या लॉजिकला मी वळखत न्हाय," हिंमतराव म्हणाले, आणि आगट्यांकडे वळले. "शरदराव, तुमी बोला. तुमाला काय वाटतं? मी आसं करीन?"

आगट्यांनी तिन्ही पट्ट्यांकडे पाहिलं. हिंमतराव असं करणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. डोळ्यांना समोर जे दिसत होतं तेही खोटं नव्हतं. ही दोन सत्यं त्यांच्या डोक्यात एकमेकांना ढकलत होती आणि तिसरं काही सुचत नव्हतं. तुकडा घरी जाऊन आला होता खरा, पण देवापुढे बसून रंग कशाला बदलेल? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

हिंमतरावांनी थोडा वेळ वाट बघितली. मग आपला तुकडा उचलला, शर्टाच्या आत घातला आणि ते निघून गेले. दिवाळी झाली की हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं, असं प्रसन्न यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. ज्याच्यावर असा ठपका बसला त्याचा माल मग हडपसरात दुसराही कुणी घेत नाही, हे त्यांना सांगायची गरज नव्हती आणि आगट्यांना ऐकायची.

त्या दिवसापासून आगट्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला. हिंमतराव खोटे नाहीत, तर आपले डोळे खोटे. ते टिळक रस्त्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदूची सुरुवात आहे. रंग जरा पिवळट दिसत असतील." आगट्यांना इतकं हायसं वाटलं, की ते डॉक्टरांना चक्क ‘छान’ म्हणाले. सापडलं म्हणायचं कारण! पण अलका चौकापर्यंत चालत येतायेता त्यांचे पाय थबकले. मोतीबिंदू झाला तर तो दोन्ही तुकड्यांना सारखाच नको का लागायला? एकाला लागेल आणि दुसऱ्याला सोडेल, असा कुठला मोतीबिंदू? मागून स्कूटरवाल्याने त्यांच्या दृष्टीबद्दल जे उद्गार काढले, ते त्या घटकेला त्यांना पटलेसुद्धा.

घरी ते प्रत्येक जोडीकडे संशयाने बघू लागले. दोन चपला, शर्टाची दोन बटणं, ताटातल्या दोन वड्या. एकदा मंडईतून आणलेली दोन वांगी खिडकीत धरून उभे होते, तेव्हा मंदाकिनीबाई म्हणाल्या, "त्यातलं एक पळून जाणार आहे का? द्या इकडे, भाजी खोळंबलीय."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मंदाकिनीबाईंनी पितळेची भांडी काढली. मोरीत गरम पाण्याच्या बादलीत धुण्याचा सोडा घालून त्यांनी समया आणि निरांजनं भिजत टाकली आणि हात पुसत म्हणाल्या, "लक्ष्मीपूजनाला तुमची ती पट्टी आणायची असेल तर आदल्या दिवशी आणा हं. मागच्या वेळी फार घाई झाली माझी."

"कसली घाई?"

"धुवायची. केवढी काळवंडली होती! तशीच ठेवायची का देवापुढे? चिंच नेमकी संपली होती, म्हणून या सोड्याच्या पाण्यातच टाकली. पाणी गढूळ व्हायला लागलं तशी काढली. उजळली जरा, पण पितळ काही लख्ख झालं नाही."

आगटे पाटावर बसले.

"ते पितळ नव्हतं," ते म्हणाले.

"मग काय होतं?"

"ॲल्युमिनियम."

"अगं बाई! ॲल्युमिनियमला मी कधी सोडा लावते का? खातो तो त्याला." मग क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, "पण ॲल्युमिनियम आहे तर ते असं काळं कशाला करून ठेवता तुम्ही लोक?"



दुसऱ्या दिवशी त्यांनी नापास मालातला एक कापलेला तुकडा घरी आणला. मंदाकिनीबाईंनी तो तसाच बादलीत सोडला, तसाच काढला. तो कारखान्यात नेऊन आगट्यांनी कपाटातल्या तुकड्याशेजारी ठेवला आणि मागे सरले. थोडा उन्नीस-बीस असेल, पण भाऊ भाऊ होते. डोळे ठीक होते! पहिल्यापासून ठीक होते! आगट्यांना लहान पोरासारखा आनंद झाला. तो जेमतेम टिकला, कारण लगेच त्यांना केबिनमधला हिंमतरावांचा चेहरा आठवला, आणि मग इतकी लाज वाटली की त्यांनी तुकडा उलटा करून ठेवला.

"माझं नाव सांगा," मंदाकिनीबाई म्हणाल्या होत्या. "बायकोने घासलं म्हणावं."

"तुकडा मी नेला होता," आगटे त्यावर म्हणाले होते. कारखान्यात त्यांनी प्रसन्न यांना सगळं सांगितलं: नियम मोडून तुकडा घरी नेला, तो सोड्यात भिजला, हिंमतरावांचा तुकडा खरा आहे, माल पास आहे, आणि चूक माझी आहे.

प्रसन्न यांनी वही उघडली आणि पुन्हा मिटली. लॉजिकमध्ये मोरी कुठे बसवावी हे त्यांना समजत नसावं. शेवटी त्यांनी माणूस पाठवून हिंमतरावांचा तुकडा मागवला आणि नम्रताबाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या, दोन्ही तुकड्यांकडे एकदाच पाहिलं आणि उजळ तुकड्यावर बोट ठेवलं. "हा."

"नाही बाई," आगटे म्हणाले. "तो आमच्या घरी सोड्याच्या पाण्यात भिजलाय. मूळचा हा दुसरा."

"आगटे, मला रंग लक्षात राहतात. मी हाच पास केला होता. हा दुसरा केवढा हेवी आहे! हा मी कसा पास करीन?" त्यांनी उजळ तुकडा हातात घेऊन प्रेमाने फिरवला. "ही जी वर साय धरल्यासारखी झाक आहे ना, त्याच्यासाठी तर मी याला हो म्हटलं होतं."

आगट्यांनी त्या तुकड्याकडे बघितलं. ती साय त्यांच्या मोरीत धरली होती, आणि बाई ती महिन्यापूर्वी पाहिल्याचं शपथेवर सांगत होत्या. क्षणभर त्यांना स्वतःलाच शंका आली, की आपल्या घरी भिजवला तो खरंच हाच तुकडा ना.

"क्लायंटला हा हवाय, तर हा बरोबर," प्रसन्न सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. त्यांनी हिंमतरावांना फोन लावला, पाणीकपात जाहीर करावी तशा सुरात दिलगिरी व्यक्त केली, सोड्याची हकीकत सांगितली, काम तुमच्याकडेच राहील म्हणाले, आणि नवा रंग कळवला.

दिवाळी झाली. हिंमतरावांनी सेक्शन हौदात कमी वेळ ठेवून बघितले. रंग उजळ आला, पण बाईंची ती साय येईना. तेव्हा एका सकाळी ते नारायण पेठेत आगट्यांच्या दारात उभे राहिले. काखेत रंगवलेल्या सेक्शनचे तुकडे होते, आणि प्रसन्न यांच्याकडून मागून आणलेला तो उजळ मंजूर तुकडाही. आगट्यांनी ‘या’ म्हटलं, ते त्यांनी ऐकलं नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, "वैनी, सोडा किती टाकलावता?"

"अंदाजाने," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"पानी किती गरम?"

"हाताला सोसेल त्याहून जरा जास्त."

"आन् किती येळ ठिवला?"

"देवापुढचं स्तोत्र म्हणत होते. अर्ध्यावर आले आणि पाणी गढूळ दिसलं. पण मधे दूध उतू गेलं होतं, तेव्हा थांबले होते."

हिंमतरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. उभी काचेची इमारत, आणि तिचा रंग या बाईच्या दुधावर अडला होता. मग ते म्हणाले, "म्हणा. मी तुकडा सोडतो."

मंदाकिनीबाईंनी बादलीत मूठभर सोडा टाकला, हात जोडले आणि स्तोत्र सुरू केलं. मोरीच्या उंबऱ्यावर हिंमतराव, दारात आगटे. दुधाची जागा आली तशा त्या थांबल्या, अंदाजाने तेवढा वेळ जाऊ दिला, आणि पुढे म्हणू लागल्या. अर्ध्यावर त्यांनी खूण केली. हिंमतरावांनी सांडशीने तुकडा काढला, धुतला, पंच्याने कोरडा केला, आणि स्वतः न बघता आगट्यांपुढे धरला.

"मी काय बघू?" आगटे म्हणाले. "माझ्यामुळे तुम्ही खोटे ठरलात."

"तुमच्यामुळं न्हाय. त्या पोरानं ठरवलं. त्यो मला वळखत न्हाय, त्याचं मला काय वाटत न्हाय." हिंमतराव पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलले. "तुमी गप बसलात, शरदराव."

"मला त्या वेळी काही म्हणजे काही कळत नव्हतं हो."

"मग तेवढंच म्हणायचं व्हतं. मला कळत न्हाय, आसं. तेवढ्यावर माझं भागलं आसतं."

आगट्यांचे डोळे भरून आले. ते तुकडा घेऊन गॅलरीत गेले, उजेडात मंजूर तुकड्याशेजारी धरला, हात लांब करून बघितलं, जवळ आणून बघितलं. एकदा नवा काळा वाटला, एकदा जुना. हिंमतराव मागे येऊन उभे राहिले होते, आणि ते काय म्हणतात याची वाट बघत होते.

"हिंमतराव," आगटे म्हणाले, "मला कळत नाही."

हिंमतरावांनी त्यांच्या हातातून दोन्ही तुकडे घेतले, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले आणि मान हलवली. "मला बी न्हाय कळत."

"अहो, पुन्हा म्हणू का?" मंदाकिनीबाईंनी आतून विचारलं.

"म्हणा वैनी," हिंमतराव म्हणाले. "पयल्यापासनं म्हणा." आणि दुसरा तुकडा बादलीत सोडायला ते आत गेले.